दोन टिंबं, तीन टिंबं

"ह्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आधीच सांगून ठेवतो," मी त्रिशलाला म्हणालो. "त्या सकाळी करंजघाटात तुझ्या बापानं अन् मी जी गाडी पळवली, तशी गाडी ह्या मुलखात आधी कधी पळाली नव्हती आणि नंतरही पळाली नाही. मी स्वतः तिथं नसतो तर माझाही विश्वास बसला नसता."

"होतासा का, ते आता कळंलच," दस्तगीर म्हणाला.

दस्तगीर मुजावर माझ्या वर्कशॉपच्या दारात पंक्चर काढतो. माझ्या सगळ्या गोष्टी त्यानं ऐकल्यात. काही तर तीन-चार प्रकारांनी ऐकल्यात, आणि कुठल्या वेळी कुठला शेवट होता तेही त्याच्या ध्यानात असतं. असा माणूस जवळ असणं बरं नाही. पण दुपारच्या वेळी जयसिंगपुरात माझ्याजवळ दुसरं कोण येऊन बसतंय?

त्रिशला माझ्या थोरल्या भावाची, धनपालदादाची मुलगी. दादा गेल्या थंडीत गेला. ती पुण्याहून घर आवरायला आली होती. भिंतीपलीकडचं दादाचं अर्धं वर्कशॉपही तिनंच रिकामं केलं. चार दिवस मला इकडं खडखडाट ऐकू येत होता. आवाज थांबला तेव्हा कुलूप लावून ती निघाली, आणि जाता जाता माझ्या दारात उभी राहिली. लहानपणी ती ह्या दारातून कधी आत आली नाही. तिला तसं कुणी बजावलं असेल असं नाही, पण पोरांना न सांगता कळतं. मी दोन टायरवर फळी टाकून दिली. ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली, आणि चहा यायच्या आधीच तिनं विचारून टाकलं होतं.

"काका, एकच विचारायचंय. तुमच्या त्या घाटातल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी पप्पा उजाडायच्या आत बाहेर पडले होते. मी जागी होते. कुठं गेले होते ते त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही. आई म्हणायची, भूपालभाऊजींकडं जाणं तर शक्यच नाही. ते आले होते का तुमच्याकडं?"

कपाळ दादाचं. उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायची सवयही दादाचीच.

"आला होता की," मी म्हणालो.

दस्तगीरनं पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवली होती. त्यानं मान वर केली. ट्यूबमधून बुडबुडे येत होते, त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

"मग सगळं सांगा," त्रिशला म्हणाली. "पहिल्यापासून."

तर पहिल्यापासून.

गाडी म्हणजे पांढरी एस्टीम. मी आणि दादानं मिळून घेतलेली, जुनीच. तिच्या आतलं आम्ही सगळं सोलून काढलं. मागची सीट काढली, शेजारची सीट काढली, खालची चटई काढली, छताचं कापड काढलं. ड्रायव्हरपुरती एक खुर्ची तेवढी ठेवली. गाडी इतकी हलकी झाली, की बॉनेटवर कावळा बसला तर मागची चाकं उचलायची.

"गेल्या वेळी मांजर होतं," दस्तगीर म्हणाला.

"मांजर वेगळ्या दिवशी बसलं होतं."

त्रिशला हसली. मला बरं वाटलं. आमच्या घरातलं कुणी माझ्या गोष्टीला हसल्याला बरीच वर्षं झाली होती.

मग आम्ही टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. हवा जादा गेली की पेट्रोलही त्या मानानं जादा लागतं, आणि पेट्रोल शिंपडायचं काम इंजेक्टरचं. सिलिंडर चार, इंजेक्टर चार. एकेक पिचकारी बोटाएवढी. गाडीबरोबर आलेल्या पिचकाऱ्या टर्बोच्या भुकेला पुरेनात, म्हणून बाहेरून मोठ्या आणायच्या ठरल्या. केवढ्या मोठ्या, इथं आमचं दोघांचं तोंड दोन दिशांना.

मला वाटायचं, आणायचाच तर हत्तीच्या सोंडेएवढा आणावा. दादा म्हणायचा, "पोट बघून घास भरवावा, भूपाल."

मी दादाला न विचारता थोरले चार आणून बसवले. थोरल्या इंजेक्टरची खोड अशी, की घागरभर ओत म्हटलं तर ओततो, चमचाभर वाढ म्हटलं की त्याचा हात थरथरतो. गाडी उभी असली की गुदमरायची, खोकायची आणि काळा धूर ओकायची. धूर म्हणजे किती, तर दस्तगीरची पांढरी कोंबडी सायलेन्सरमागून चालत गेली ती पलीकडून काळी निघाली. तिची अंडीसुद्धा पुढं आठ दिवस सावळी होती.

"कोंबडी माझी होती, हे खरं आहे," दस्तगीर त्रिशलाला म्हणाला. "बाकीचं तुम्ही सोडून द्या."

दादानं ते चारही काढून फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले, आणि त्या थंडीत स्वतः इंजेक्टर निवडायला बसला. सांगलीच्या दुकानातून प्रयोगशाळेतल्यासारख्या काचेच्या उभ्या नळ्या आणल्या. चार नळ्या ओळीनं, वर चार इंजेक्टर, मागं पंप. बटण दाबलं की चारही टिकटिकायचे आणि नळ्यांत पेट्रोल चढायचं. मग दादा उकिडवा बसून नळ्यांकडं बघायचा. एकीत केसभर जास्त दिसलं, की तो इंजेक्टर बाजूला. पुण्याहून आणले, बेळगावहून आणले, कुणाच्या मोडीत काढलेल्या गाडीतून आणले. गिऱ्हाईक दारात हॉर्न मारतंय आणि दादा नळ्यांसमोर, देवापुढं बसल्यासारखा. शेवटी मध्यम मापाचे चार कोरे असे सापडले, की चारही नळ्यांतलं पेट्रोल एका रेघेत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर ठेवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतली टिकटिक ऐकू येते. चारांची टिकटिक एक. मी डोळे मिटून ऐकले, मला एकातला दुसरा ओळखता आला नाही.

"मग त्यानं टोकदार पंच आणि हातोडी घेतली आणि प्रत्येकाच्या अंगावर टिंबं मारली," मी म्हणालो. "एकाला एक, दुसऱ्याला दोन. तीन. चार. कुठला कुठल्या सिलिंडरला, ते कधी चुकू नये म्हणून."

"टिंबं?" त्रिशलानं विचारलं.

"हं. बारीक, मोहरीएवढी. हात फिरवला की लागायची."

पर्सच्या चेनशी तिचा अंगठा चाळा करत होता.

"आणि भांडण?" थोड्या वेळानं ती म्हणाली.

भांडणाचं काय सांगायचं. गाडी एक आणि चालवणारे दोन. गाडी बांधली दोघांनी, पण घाटात खुर्ची एकच. तीच तेवढी आम्ही ठेवली होती. दादाला वाटायचं तो थोरला म्हणून तो चालवणार. मला वाटायचं मी चांगला चालवतो म्हणून मी. त्यात आमचे वडील गेले, आणि आजवर जे घरात विझून जायचं ते विझेनासं झालं. निपाणीचे दोन मामा वाटणीला आले.

आमच्यात वाटणी म्हणजे वाटणी. मागं काही शिल्लक राहता कामा नये. ताटं वाटली, तांबे वाटले. दहा-अकराचा पाना दादाला, बारा-तेराचा मला, चौदा-पंधराचा दादाला. त्यानंतर कुठलीच गाडी दोघांपैकी एकालाही पुरती खोलता येईना. वर्कशॉपच्या मधोमध भिंत घातली. गाडीखाली उभं राहून काम करायचा आमचा जो खड्डा होता, त्याच्या मध्यावरूनच भिंत गेली. अर्धा खड्डा त्याच्याकडं, अर्धा माझ्याकडं. अर्ध्या खड्ड्यात गाडीचं नुसतं नाक दुरुस्त करता येतं. मामा म्हणाले, समान झालं ना, मग झालं तर.

गाडी माझ्याकडं आली, नळ्यांचं यंत्र दादाकडं गेलं. सगळ्यात शेवटी पिवळ्या फडक्यावर ते चार इंजेक्टर उरले. मामांना इंजेक्टर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांना नग दिसले चार. त्यांनी दोन-दोन केले.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" त्रिशलानं विचारलं.

"मी दादाकडं बघितलं. दादानं माझ्याकडं बघितलं. 'मामा, हे चार दिसतात, पण नग एकच आहे,' एवढं वाक्य कुणीतरी म्हणायचं होतं. मला वाटलं, थोरला आहे, तो म्हणंल."

"आणि त्यांना वाटलं असेल, तुम्ही म्हणाल."

"काय माहीत. मामांनी एक आणि चार टिंबांचा माझ्याकडं सरकवला, दोन आणि तीन टिंबांचा त्याच्याकडं. त्यानं खिशात टाकले. मी खिशात टाकले."

"दोन आणि तीन," ती म्हणाली.

"दोन आणि तीन."

चहा आला. दस्तगीरनं आपला पेला जमिनीवर ठेवला आणि ट्यूब घासायला घेतली. मी मात्र थांबलो नाही. मी एकदा सांगायला लागलो की मला उतार लागतो.

भिंत बांधताना गवंड्यानं खड्ड्याच्या तळाशी वीतभर फट सोडली होती, पावसाचं पाणी एकीकडं तुंबू नये म्हणून. संध्याकाळी दादानं आपल्या बाजूचा दिवा लावला, की त्या फटीतून उजेडाची पट्टी माझ्या खड्ड्यात यायची. मी काम नसलं तरी खड्ड्यात उतरून बसायचो. तिथं गार असतं. दादाचा दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम, त्यामुळं तो घरी जाऊन जेवून परत यायचा. पट्टी जायची आणि पुन्हा यायची. कधीकधी पंप चालू झाल्याचा आवाज यायचा आणि मग टिकटिक. मी भिंतीला कान लावायचो. चारांची टिकटिक मला पाठ होती. ही निम्मी होती. दादा दोनच इंजेक्टर नळ्यांवर चढवून बसलेला असायचा. दोनांची टिकटिक ऐकत किती वेळ बसणार माणूस? तो बसायचा. इकडं मीही बसायचो.

"हे खरं आहे," दस्तगीर म्हणाला. त्यानं हे त्रिशलाला सांगितलं नाही, असंच म्हणाला. "मी बघितलंय ह्यांना खड्ड्यात."

"तू गप घासायचं बघ."

मग घाटाची स्पर्धा लागली. करंजघाटात खालच्या देवळापासून वरच्या खिंडीपर्यंत, एकेकटी गाडी, घड्याळ लावून. मी नाव दिलं. दादानं निवडलेल्यातले माझ्या वाट्याचे दोन इंजेक्टर एक आणि चार नंबरच्या सिलिंडरला बसवले, आणि मधल्या दोनांना माझ्या त्या थोरल्यातले दोन. बाहेरच्या दोन खोल्यांत मध्यम पिचकारी, मधल्या दोन खोल्यांत सोंड. आता हे चार एका गाडीत नांदवायचे म्हणजे प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा लागतो. तो लॅपटॉपवर करता येतो. कुणी किती वेळ उघडं राहायचं ते ठरवून द्यायचं. पण ते बरोबर आलं का नाही, हे गाडी चढावर पळत असतानाच कळतं. म्हणून ह्या कामाला माणसं दोन लागतात. एकानं गाडी चालवायची, पाय हलू द्यायचा नाही. दुसऱ्यानं शेजारी बसून मीटर वाचायचा, आकडे बदलायचे आणि चालवणाऱ्याला ओरडून सांगायचं.

मी एकटा गेलो. आदल्या दिवशी, उजाडता उजाडता, घाटात चिटपाखरू नसताना.

लॅपटॉप गाडीच्या रिकाम्या फरशीवर जुन्या ट्यूबनं बांधला होता. थोडं अंतर गाडी ताणायची, डोळ्याच्या कोपऱ्यातून मीटर बघायचा, थांबायचं, वाकून आकडे बदलायचे, पुन्हा ताणायची. सायलेन्सरमध्ये बसवलेला तो मीटर धुराची चव घेऊन सांगतो, पेट्रोल जास्त का हवा जास्त. पण चार सिलिंडरांचा धूर एकाच नळीत येतो, आणि मीटर सांगतो तो चारांचा मिळून आकडा. आकडा छान दाखवत होता. मी बॉनेट उघडून प्लग काढले तेव्हा मधले दोन काजळीनं काळेकुट्ट, बाहेरचे दोन चुन्यासारखे पांढरे. दोघं उपाशी, दोघं अजीर्ण झालेले, आणि मीटर म्हणतोय घरात सगळं झकास. पांढरा प्लग वाईट. तसंच ताणत राहिलं तर पिस्टन वितळतो.

मधल्यांचं पेट्रोल कमी करावं तर गाडी उभ्या जागी बंद पडायची. बाहेरच्यांचं वाढवावं तर मधले आणखी का खोकायला लागले, ते कळायच्या आत पुढचं वळण. गरम प्लगनं बोटं भाजली. धुकं असं, की बॉनेट उघडलं की माझ्याच गाडीचं मागचं टोक मला दिसत नव्हतं. मी एकटाच आकडे मोठ्यानं वाचत होतो आणि मीच "हूं" म्हणत होतो.

"मोठ्यानं?" त्रिशलानं विचारलं.

"सवय. दोघांनी काम केलेलं असलं की तोंडाला सवय होते. वडाच्या वळणावर कठड्यामागं एक स्कूटर उभी होती, धुक्यात नुसतं मागचं चाक दिसत होतं. वर जाताना होती, खाली येताना होती, पुन्हा वर जाताना होती. मला वाटलं, दूधवाल्याची असंल. हा माणूस आपल्याला वेडा समजत असणार, एकटाच बोलतोय म्हणून."

"घाटात दूध कुणाला घालतोय दूधवाला?" दस्तगीरनं विचारलं.

"माकडांना."

दस्तगीर हसला. त्रिशला हसली नाही. तिनं पेला खाली ठेवला, चहा तसाच होता.

"आणि पप्पा?" ती म्हणाली.

"तेच सांगतोय."

मी खालच्या देवळापाशी येऊन बॉनेट उघडून उभा होतो. हात काळे, डोक्यात काळं. आता गाडी इथंच सोडावी आणि चालत घरी जावं असं वाटत होतं. तेवढ्यात धुक्यातून पावलं वाजली. वर बघतो तर दादा. अंगात तो राखाडी स्वेटर, पँटची टोकं दवानं ओली.

"इतक्या लांब चालत?" दस्तगीर म्हणाला. "मिस्त्री, घाट काय गल्लीत हाय व्हय?"

"एसटीनं आला. फाट्यावर उतरला, तिथून चालत. पहिली गाडी असते त्या बाजूची."

"असंल," दस्तगीर म्हणाला आणि ट्यूबवर ठिगळ दाबून धरलं.

दादानं खिशात हात घातला आणि इंजेक्टर काढून माझ्या तळहातावर ठेवले. दोन टिंबांचा आणि तीन टिंबांचा. खिशातल्या उबेनं कोमट झालेले. मी माझ्या दोन सोंडा उपसून काढल्या, हे दोन बसवले. बसताना असा 'टक' आवाज आला, जसं घरातलं माणूस उशिरा येऊन आतून कडी लावतं. गाडी चालू केली. काय सांगू तुला. धूर नाही, खोकला नाही. चारही एका सुरात. टपावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला असता तर डुचमळला नसता. दादानं दार उघडलं आणि शेजारी बसला.

"कशावर?" दस्तगीरनं विचारलं.

"कशावर म्हणजे?"

"शेजारची सीट काढून टाकलेली. मगाशीच म्हणालासा. एक खुर्ची तेवढी ठेवली."

मी त्याच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं शेजारी पंक्चर काढतोय हा माणूस, पण कधी कुठला खिळा सोडणार नाही.

"बॅटरीचा रिकामा खोका होता," मी म्हणालो. "तो उलटा टाकला, त्यावर बसला."

"आणि इतकी हलकी गाडी, ती दादांच्या वजनानं कलंडली नाही?"

"अरे, दादा बसला म्हणून तर रस्त्यावर टिकली. नाहीतर उडाली असती."

दस्तगीरनं हात जोडले आणि तो पुन्हा ठिगळाकडं वळला. त्रिशला माझ्याकडं एकटक बघत होती. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर बरं झालं असतं का, ते मला सांगता येणार नाही.

मी गाडी ताणली. दादा मीटर वाचत होता, लॅपटॉप मांडीवर घेऊन. "एक सोड. दोनला थोडं दे. पाय हलवू नको. हां, आता बरोबर." त्याचा आवाज असा यायचा, जसा मधली वर्षं कुणी उचलून बाजूला ठेवली आहेत. वडाचं वळण, खिंडीखालचं वळण, दगडी पूल. चारही प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. शेवटच्या चढावर त्यानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "आता बघायचं काही राहिलं नाही. हाण." मी हाणली. इतकी हाणली, की वर खिंडीत पोचलो तेव्हा आमच्या गाडीचा आवाज अजून खालून येत होता. आम्ही उतरून कठड्यावर बसलो, तेव्हा कुठं तो येऊन पोचला.

तिथं दादानं कागदाची पुडी काढली. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. त्यानं भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी मला दिली. ती एक वाटणी मामांशिवाय झाली.

"काय म्हणाले ते?" त्रिशलाचा आवाज अगदी खाली आला होता.

"म्हणाला, उद्या तू चालव. तू माझ्यापेक्षा चांगला चालवतोस."

गल्लीतून कुणाची तरी रिक्षा गेली. दस्तगीर मान खाली घालून ठिगळ दाबत होता. ते केव्हाच चिकटलं होतं.

"मग दुसऱ्या दिवशी?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी काय, पहिला आलो. घड्याळ धरणाऱ्यानं घड्याळच झटकून बघितलं."

"गाडी टेम्पोतनं आली होती," दस्तगीर म्हणाला. खाली बघूनच म्हणाला. "उतरवायला मी होतो."

"मिरवणूक टेम्पोतनंच निघते, दस्तगीर."

ह्यावर त्याच्याकडं उत्तर होतं. त्या दिवशी चौथ्या नंबरच्या सिलिंडरचा पिस्टन भोक पडलं म्हणून बाहेर काढला होता, त्यात दस्तगीर आजही व्हॉल्व्हच्या पिना ठेवतो. तेव्हाही तो पिस्टन त्याच्या गुडघ्यापाशीच होता. त्यानं तो उचलला आणि आपल्या मागं नेऊन ठेवला.

त्रिशलानं ते बघितलं का नाही, कळलं नाही.

"मग नंतर कधी बोलला नाहीत तुम्ही दोघं?" ती म्हणाली. "भिंत तशीच राहिली. पप्पांच्या आजारपणात तुम्ही आला नाहीत. मी वाट बघत होते तुमची. तेही दाराकडं बघायचे."

"बोलायचं काय राहिलं होतं? सगळं घाटात बोलून झालं होतं."

ऊन दारातून सरकून तिच्या चपलांपर्यंत आलं होतं. "दिवस मावळायच्या आत जेवून जा," असं मी म्हणणार होतो. म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं विचारलं.

"काका, पप्पा एसटीनं आले?"

"एसटीनं."

"आणि दोन टिंबांचा आणि तीन टिंबांचा त्यांनी तुमच्या हातात दिले."

"हातात."

"मग ते गेले कुठं?"

"गाडीबरोबर गेले. गाडी मोडीत काढली तेव्हा."

तिनं पर्सची चेन उघडली. खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी होती, कोपरे घासून पांढरे झालेले. तिनं ती आमच्या दोघांमध्ये फळीवर ठेवली आणि नखानं झाकण उचललं. आत पिवळं फडकं. मामांनी वाटणी केली त्या फडक्याचा अर्धा भाग, कडेला कात्रीनं सरळ कापलेला. फडक्यात दोन इंजेक्टर. स्वच्छ, तोंडावर काजळीचा डाग नाही, रबराच्या कड्यांना इंजिनाची धग लागलेली नाही. कुठल्याच इंजिनात कधी न बसलेले.

"पप्पांच्या कपाटात होती," ती म्हणाली. "त्या पहाटे त्यांनी ही डबी स्वेटरच्या आत घातली, मी अंथरुणातून बघत होते. संध्याकाळी परत आले तेव्हा काढून होती तिथं ठेवली. मला कळत नव्हतं हे काय आहे. आज तुम्ही टिंबांचं सांगितलंत."

मी एक उचलला. अंगठा फिरवला. दोन टिंबं लागली. सवयीनं मी त्याच्या तोंडाशी फुंकर घातली. दस्तगीर उठून उभा राहिला होता, ट्यूब हातातच होती.

"आणि ते एसटीनं नाही गेले," त्रिशला म्हणाली. "स्कूटर घेऊन गेले होते. काका, तुम्ही खोटं सांगितलंत. ते तुमच्या गाडीत बसलेच नाहीत. वडाच्या वळणापर्यंत आले होते."